मातीले ये

आमच्या वऱ्हाडात कुणी ‘मातीले गेला’ म्हटलं की ऐकणारा आधी टोपी काढतो, मग विचारतो, कोण गेलं. मातीले जाणं म्हणजे कुणाच्या तरी शेवटच्या कार्याला जाणं. याखेरीज या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो, हे आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या ध्यानीमनी येण्याचं कारण नव्हतं. आम्ही लिंगायत वाणी. मेडशीला आमचं दुकान. वाण्याचा पोर गूळ आणायला जाईल, तेल आणायला जाईल. पोती घेऊन माती आणायला कशाला जाईल?

पण मी जात होतो. तेव्हा आम्ही अजून मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर होती, आणि नागपूरला चित्रकला शिकून आलेला मी वाशीमच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. शाळेत मुलांकडून लोटा, वांगं नि पिंपळाचं पान काढून घ्यायचं, आणि घरी येऊन ओसरीवर माणसांची डोकी घडवायची, असं माझं दुहेरी आयुष्य चाललं होतं. पहिल्याचा पगार मिळे. दुसऱ्याबद्दल बायकोची बोलणी मिळत.

मातीचं मला वेड होतं, आणि त्याबाबत मी चिडखोरही होतो. शेतातली काळी माती डोक्याला चालत नाही. वाळली की भेगाळते, आणि सगळ्यांत आधी नाक जातं. मेडशीच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात आटलं की तळाशी राखी रंगाची चिकणमाती उघडी पडे. लहानपणी तिच्यात माझे पाय इतके रुतले होते की ती मला ओळखीची होती. ती आणायची, भिजवायची, तिच्यात पिंजलेला कापूस आणि टांगेवाल्याकडची घोड्याची लीद मिसळायची, पायांनी तुडवायची, आणि बांबू, तार नि सुतळीच्या सांगाड्यावर चढवायची. लीद घरात आली की बायको म्हणे, “बाकीच्यायचे नवरे बाजारातून भाजी आनतात.”

मला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं डोकं करायचं होतं. नागपूरला मी हमालाचं डोकं केलं, फकिराचं केलं, एका भाजीवालीचं केलं, आणि मग एके दिवशी आठवणीतून आप्पांचं करायला बसलो तर मला त्यांचा कान आठवेना. चिकटलेला की सुटा? हनुवटी कुठे संपते नि गळा कुठे सुरू होतो? जन्मभर ज्याच्या घरात वाढलो त्या माणसाचा चेहरा मला ठाऊक नव्हता, या गोष्टीनं मी पार गोंधळलो. नंतर कारण कळलं. आप्पांसमोर मी कायम खाली मान घालून उभा राहिलो होतो. त्यांचे पाय मी डोळे मिटून घडवले असते.

दुकान सोडून ‘चिखल खेळायला’ गेलो, यावरून ते माझ्याशी धड बोलत नव्हते. वाशीमच्या घरी ते कधी आले नाहीत. मी मेडशीला गेलो की तराजूवरून नजर न काढता विचारत, “कवाची मोटार हाये परतीची?” एकदा धीर करून मी म्हणालो, की तुमचं डोकं करू द्या, थोडे दिवस समोर बसा. ते म्हणाले, “जित्या मानसाचा पुतळा करत नाईत. आयुष्य घटते. तुले घाई झाली काय?”

मला घाई झालीच होती, पण ती त्यांच्या मरणाची नव्हती. त्यांचं वय झालं होतं, चेहरा ओसरत चालला होता, आणि मी तो अजून नीट पाहिलाही नव्हता. ते मला बोलून दाखवता आलं नाही. मी पोती उचलली आणि तळ्यावर गेलो.

अशाच एका उन्हाळ्यात मी सकाळच्या मोटारीनं मेडशीला माती आणायला गेलो होतो. मागे घरी आत्याचे यजमान आले. माझी आत्या, आप्पांची धाकटी बहीण, आसेगावला दिलेली. तिचे यजमान कोर्टाच्या कामाला वाशीमला आले की आमच्याकडे चहाला टेकत. त्या दिवशी काय बोलणं झालं, ते बायकोनं मला नंतर इतक्या वेळा ऐकवलं की मला पाठ आहे.

“मास्तर कुठी गेले?”

“मातीले गेले, मेडशीले. सकाळच्या मोटारीनंच गेले.”

ते उभ्याचे खाली बसले. “अन् तुमी नाई गेल्या?”

“मी कायले जाऊ?” बायको म्हणाली. “पोराच्या अंगात ताप हाये. अन् मले नाई जमत बाप्पा ते. हे दर उनाळ्यात जातात.”

हे शेवटचं वाक्य ऐकून तरी त्या माणसाच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण दुःखात माणूस अर्धंच ऐकतो. मेडशीला आमच्या घरात म्हातारं माणूस एकच, त्यामुळे कोण गेलं हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. आणि सून सासऱ्याच्या मातीला न जाता चहा टाकते आहे, हे पाहून पुढे काही विचारायची इच्छाही राहिली नसावी. चहा न घेताच ते निघाले. बायको मला संध्याकाळी म्हणाली, “तुमच्या आत्याच्या घरचे लोक असे कसे हो? माती म्हटल्याबरोबर तोंड उतरलं त्यायचं. आता पाहुन्यायलेबी वास येऊन राह्यला काय लिदीचा?”

दुसऱ्या दिवशी मेडशीला जे झालं, ते मी पाहिलेलं नाही. मी ते आप्पांकडून ऐकलं, आत्याकडून ऐकलं, धाकट्या भावाकडून ऐकलं, आणि तिघांचं काही जुळत नाही. एवढं खरं की आत्या वेशीपासूनच हंबरडा फोडत आली. डोक्यावरचा पदर पार तोंडावर ओढलेला, बरोबर आसेगावच्या दोघीचौघी, मागे खाली मान घातलेले यजमान. आप्पा दुकानात डाळ जोखत होते. बहिणीचा आवाज त्यांनी ओळखला. आसेगावला कुणीतरी गेलं, असं समजून ते डाळ तशीच टाकून रस्त्यावर धावले. आत्यानं पदराआडून धोतर पाहिलं आणि माझा भाऊ समजून त्या गळ्यात पडली. मग भर रस्त्यात दोघं भाऊबहीण एकमेकांना धरून रडली. ती त्यांच्यासाठी रडत होती, ते तिच्या घरच्या कुणासाठी तरी रडत होते, आणि भोवती जमलेले लोक दोघांना धीर देत होते.

शेवटी आप्पांनीच डोळे पुसत विचारलं, “मायबाई, गेलं तरी कोन?”

आत्यानं पदर वर केला. भाऊ सांगतो, ती किंचाळली. आत्या म्हणते, मी किंचाळले नाही, मी खाली बसले. आप्पा म्हणत, तिनं मला एक थापड मारली. ती मात्र कुणीच नाकारली नाही.

त्यानंतर चार दिवसांत आप्पा वाशीमच्या घरी आले. पहिल्यांदा. ओसरीच्या पायरीवर काठी टेकवून त्यांनी मला विचारलं, “मी मेलो होतो काय रे?”

मी घाबरून सगळं सांगायला लागलो, शब्दाचा घोटाळा, बायकोचं बोलणं, पोराचा ताप. ते ऐकतच नव्हते. ते फार खुशीत होते. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढला.

“खोटं मरन उठलं का मानसाचं आयुष्य वाढते,” ते म्हणाले. “डोक्याले कावळा शिवला तं लोक मुद्दाम खोटा निरोप धाडतात सोयऱ्यायले, रडाले लावतात. माह्यं तं फुकटात झालं. आता वाढलंच हाये आयुष्य, तं त्यातलं थोडं तुह्या मातीत गेलं तं जाऊ दे. कुठी बसू?”

वाण्याचा हिशेब होता तो, आणि त्यात मला चूक काढता आली नाही. मी त्यांना स्टुलावर बसवलं. कान चिकटलेला निघाला.

पुढे दुकानाच्या मालासाठी वाशीमला आले की ते ओसरीवर बसून जात. बसणं त्यांना मुळीच जमत नसे. डाळीचे भाव विचारत, बायकोला चहात गूळ किती ते सांगत, रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारत. मी ओरडायचो, “आप्पा, हलू नका!” आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडत होतो, आणि ते खाली मान घालत. मग मला आणखी ओरडावं लागे, कारण मान वर हवी होती.

त्यांच्या सूचनाही सुरू झाल्या. मातीचा पटका त्यांना पसंत पडला नाही. “जड होते. मान दुखन त्याची.” त्यांनी घरून स्वतःचा जुना पटका आणून त्या डोक्याला बांधला, चांगला घट्ट. मिशी मी मातीत कोरली होती, तिला चीर गेली. तर बकरीचे केस आणून दिले. गळ्यात लिंगाचा दोरा नाही म्हणून तो नवा आणून घातला. नागपूरला आम्हाला शिकवलं होतं, की एका वस्तूत एकच द्रव्य असावं, त्याचा प्रामाणिकपणा राखावा. माझ्या ओसरीवर माती, कापूस, लीद, बांबू, बकरी आणि मेडशीचा पटका असा कारभार झाला होता. मला ते चुकीचंही वाटेना नि बरोबरही वाटेना. कधी मी शाळेतून येई आणि पाठमोरा पटका पाहून चपला हळूच काढी. मग ध्यानात येई की आप्पा मेडशीला आहेत.

पण खरी अडचण वेगळी होती. जन्मभर तराजूचा काटा पाहून आप्पांची डावी भुवई कायमची वर चढलेली होती. डावीकडून पाहिलं तर ते आता रागावणार असं वाटे. उजवी बाजू मात्र मऊ होती, थट्टा करून गप्प बसल्यासारखी. मी डावी बाजू केली, आप्पा. उजवी केली, आप्पा. समोर येऊन पाहिलं की तिसराच कुणी. भुवई वर घेतली तर सोंग वाटे, खाली आणली तर परका वाटे. कितीदा तरी ते कपाळ मी काढलं नि पुन्हा लावलं. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, अशी गत. शाळेतले मास्तर पाहायला येत आणि म्हणत, “मास्तर, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!” सगळे हसत. मीही हसे, पण ते गेल्यावर मला रडायला येई. एवढा वेळ, एवढा जवळ, एवढ्या उजेडात हा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि तरी तो मला समोरून सापडत नव्हता.

शेवटी दोन्ही भुवया सारख्या करून मी ते तसंच सोडलं. आप्पांनी ते बराच वेळ पाहिलं. पटका जरा सारखा केला.

“हा मी नोहो,” ते म्हणाले. “हा माहा बाप दिसून राह्यला.”

त्यांच्या वडिलांना मी पाहिलेलं नव्हतं. मी जन्मायच्या आधीच ते गेले. “मी त्यांचं कसं करीन, आप्पा?”

“मले काय मालूम? हात तुहा हाये.” मग उठता उठता म्हणाले, “पन तो असाच दिसे. शेवटी शेवटी.”

यातून काय अर्थ काढायचा तो मला तेव्हा कळला नाही. एक मात्र झालं. पुढच्या उन्हाळ्यापासून माती आणायला मला तळ्यात उतरावं लागलं नाही. आप्पा स्वतः गडी लावून चांगली माती काढवत, खडे वेचवत, परसात ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवत, आणि मोटारीच्या कंडक्टरजवळ निरोप देत, की मास्तरले सांगा, मातीले ये. तो कंडक्टर शाळेच्या फाटकाशी मोटार थांबवून ओरडे, “मास्तर, मेडशीले मातीले बोलावलं तुमाले!” पहिल्या खेपेला मोटारीतले लोक हळहळले, हेडमास्तरांनी मला रजा घ्यायला सांगितलं. नंतर सगळे सरावले. तो हेल ऐकला की मुलं हसत. माझ्यापुरता त्या शब्दाचा जुना अर्थ पुसूनच गेला होता. त्याचा अर्थ एवढाच उरला, की आप्पांनी आठवण काढली.

मी जायचो. ते तराजूवरून नजर काढून विचारत, “जेवून आला काय?” मोटारीची वेळ विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं.

मग तो दिवस आला. उन्हाळाच होता, पाणी नुकतंच आटू लागलं होतं, म्हणजे निरोप यायचेच दिवस. सकाळी शाळेच्या फाटकाशी मोटार थांबली. “मास्तर, मातीले बोलावलं मेडशीले! लवकर या म्हने!” मी हात हलवला. लवकर कशाला, म्हणून मनात जरा हसलोही. म्हाताऱ्याला दम निघत नाही. शाळेत परीक्षेची चित्रं तपासायची होती, ती तपासली. घरी जाऊन जेवलो. बायकोनं धुतलेली पोती घडी करून दिली. दुपारच्या मोटारीनं निघालो. वाटेत मला एक कल्पना सुचली, की पुन्हा सुरुवातीपासून करायचं, नवं डोकं, या वेळी समोरूनच सुरू करायचं. त्या विचारात मी फार आनंदात होतो, हे मला स्वच्छ आठवतं.

दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. दारात माणसं बसली होती. आत्या आली होती. तिनं माझ्या खांद्यावरच्या पोत्यांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

“येवढा उशीर काहून, दादा?” धाकटा भाऊ म्हणाला. “सकाळीच निरोप धाडला मी. मातीले या म्हून.”

मी म्हणालो, “हो, मिळाला.” मला अजूनही कळलं नव्हतं. मी पोती कुठे ठेवू म्हणून इकडे तिकडे पाहत होतो.

आमच्यात माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. आप्पांना आतल्या भिंतीशी पाटावर बसवलेलं होतं, मांडी घालून. कपाळाला भस्म, डोक्याला नवा पटका, डाव्या तळहातावर लिंग. दारातून सरळ समोर. माझ्या मनात जे पहिलं आलं ते सांगतो, कारण ते तसंच आलं: आज हलत नाहीत.

मी समोर जाऊन बसलो. डावी भुवई खाली आली होती. दोन्ही सारख्या. ओसरीवरचं ते डोकं, जे समोरून मला कधी ओळखू आलं नाही, ते हे होतं. मी ते तेव्हाच कसं केलं, आणि करायला हवं होतं की नव्हतं, यावर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे; पुतळ्यानं आयुष्य घटतं हे मी मानत नाही, आणि तरीही. त्या वेळी मात्र मी फक्त पाहत राहिलो. मान वर करून, सरळ. कुणीतरी मागून माझ्या खांद्यावरची पोती काढून घेतली.

“परवाच त्यायनं माती काढून ठेवली तुह्यासाठी,” भाऊ हळूच म्हणाला. “परसात हाये. सांगनारच होते तुले.”

आमची पुरायची जागा तळ्याच्या वरच्या अंगाला. जंगमस्वामींनी मंत्र म्हटले, आप्पांना खड्ड्यात बसवलं, बेलाची पानं वाहिली. मूठमाती आधी थोरल्यानं द्यायची. मी वाकून उकरलेल्या ढिगातली मूठभर उचलली. वरची काळी होती, खालची राखी. तीच होती, तळ्याची. अजून ओली. मी उभा होतो आणि माझी बोटं आपणहून ती मळू लागली. अंगठ्यानं दाबून पाहिली, वळते का. वळली. भेग गेली नाही. किती वेळ मी ते करत होतो कुणास ठाऊक. भान आलं तेव्हा सगळे माझ्या हाताकडे पाहत होते.

“टाक ना, दादा,” भाऊ म्हणाला.

मी टाकली. बाकीच्यांची माती भुगा होऊन पडली. माझी गोळा होऊन आप्पांच्या मांडीवर पडली, माझ्या बोटांचे ठसे उमटलेली.